अंथरूण आवरायचं नाही

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. सुरू केलं, पुसलं, परत सुरू केलं. कारण असं काही लिहायला घेतलं की ते आपोआप रडवेलं होतं आणि वाचणारा चुकचुकून मोकळा होतो. लिफ्टमनला चुकचुकणं अजिबात खपत नाही. त्याच्याकडे कुणी कीव घेऊन आलं तर तो ती तिथल्या तिथे परत करतो. वर म्हणतो, "ठेवा तुमच्याकडे, उपयोगी पडेल." तेव्हा कीव बाजूला ठेवा आणि ऐका.

आधी लिफ्टमन म्हणजे कोण ते सांगतो. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत तो लिफ्ट चालवायचा. स्टुलावर बसायचं, जाळीचं दार ओढायचं, मजला विचारायचा, दांडा फिरवायचा. मग बटणांची लिफ्ट आली. लोकांना आपापलं बटण दाबता यायला लागलं आणि याची नोकरी गेली. "इतकी वर्षं मला वाटायचं मी फार अवघड काम करतोय," तो सांगायचा, "आणि पहिल्याच दिवशी एक बाई आली, एका बोटानं माझी नोकरी दाबून वर निघून गेली." नोकरीबरोबर जिन्याखालची खोली गेली. बायको आधीच गेली होती. देवाघरी नाही, भावाकडे. दोन्हीपैकी भावाकडे जेवण बरं, असं त्याचं मत.

मग पूल. मोठ्या रस्त्यावरचा उड्डाणपूल. त्याच्याखाली दिवसा गाड्या लागायच्या आणि रात्री माणसं. लिफ्टमनच्या खांबापाशी आणखी दोघं होते. एक ढोलक. हा ट्रकवर सामान चढवायचा, कपाटं, फ्रीज, पियानोसुद्धा एकदा. कधीकाळी पोट सुटलेलं होतं म्हणून हे नाव पडलं. पोट गेलं, नाव राहिलं. दुसरी आत्या. पूर्वी एका इमारतीच्या जिन्याखाली कपड्यांना इस्त्री करायची. ती नक्की कुणाची आत्या हे कुणालाच माहीत नव्हतं, पण तिनं एकदा आवाज चढवला की भलेभले भाचे होऊन जायचे.

पुलाखाली राहायचा एकच नियम होता, आणि तो कुणी कुठं लिहून लावलेला नव्हता. पार्किंगवाला पहाटे यायचा. तो यायच्या आत तिथं कुणी झोपलं होतं असं दिसता कामा नये. पांघरूण, पुठ्ठा, बाटली, केसाचं बुचकंसुद्धा नाही. गाठोडी खांबाच्या वरच्या खाचेत ढकलायची, जागा झाडायची, चालू लागायचं. पार्किंगवाल्याला सगळं माहीत होतं. पण त्याला जे दिसत नव्हतं ते त्याच्या लेखी नव्हतं, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं निभत होतं. हे इतकं अंगात भिनलं होतं की आत्या म्हणायची, "मी मेले ना, तरी पहाटे उठून स्वतःला आवरून ठेवीन बघ."

मग जमीन हलली.

दिवेलागणीला. ढोलक जागा धरायला लवकर आला होता आणि खोक्यावर चढून खाचेतली गाठोडी काढत होता. सगळे पळाले, हा नाही पळाला, कारण तिघांची गाठोडी त्याच्या हातात होती. पुलाचा एक लचका सुटला आणि त्याच्या पायावर बसला. गाठोडी शाबूत राहिली.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी त्याचा पाय प्लास्टरमध्ये घातला. डॉक्टरीणबाई दमलेली होती पण नीट बोलली. पाय उंच ठेवायचा. भिजवायचा नाही. महिनाभर जमिनीला टेकवायचा नाही.

"आणि टेकवला तर?" ढोलक म्हणाला.

"तर हाड वाकडं जुळेल. चालाल, पण लंगडत."

"चालायचं जाऊ द्या ओ. फ्रीज उचलता येईल का?"

"नीट जुळलं तर येईल. वाकडं जुळलं तर नाही."

ढोलकनं लिफ्टमनकडे बघितलं. त्याच्या आयुष्यात विचारायसारखा तेवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आता त्या पायात होतं.

तिथून सगळ्यांना गाडीत घालून बॅडमिंटनच्या हॉलमध्ये आणून सोडलं. शहरातल्या कितीतरी इमारतींना तडे गेले होते. ज्या इमारतीवर पालिकेची माणसं लाल फुली मारतील तिथल्यांनी घरी जायचं नाही, हॉलमध्ये राहायचं, असं भोंगा लावलेली गाडी ओरडत फिरत होती. त्या रात्री कुणीच कुणाला काही विचारलं नाही. विचारणार काय? सगळे धुळीनं एका रंगाचे झाले होते. बँकेतला साहेब आणि पुलाखालची आत्या शेजारी शेजारी उभे होते आणि दोघांत हुशार कोण ते नुसतं बघून सांगता आलं नसतं. एका बाईनं लिफ्टमनला "तुम्ही कितव्या मजल्यावर?" असं विचारलं. तो सवयीनं म्हणाला, "तुम्हाला कितव्यावर जायचंय?"

दोन नंबर कोर्टात, नेटच्या खांबाशी, तिघांना जागा मिळाली. प्रत्येकी एक गादी, एक पांघरूण, गरम जेवण. ढोलकचा पाय घडी केलेल्या पांघरुणावर उंच ठेवला. झोपताना तो म्हणाला, "छत किती लांब आहे रे. पुलापेक्षा लांब." आणि घोरायला लागला.

पहाटे लिफ्टमनचे डोळे उघडले. आपोआप. त्यानं आत्याला हलवलं, ती आधीच उठून बसलेली. दोघांनी गाद्या उचलून भिंतीला लावल्या, पांघरुणांच्या घड्या घातल्या, आत्यानं लाकडी जमीन हातानं झाडून काढली.

"कुठं?" ढोलक झोपेत म्हणाला.

"चल. तो यायच्या आत," लिफ्टमन म्हणाला.

"कोण तो? इथं कुठला पार्किंगवाला?"

"असेल कुणीतरी. असतोच."

आणि ढोलक उठला. ऐका, तो उठला. महिनाभर पाय टेकवायचा नाही असं सांगितलेला माणूस एका कुबडीवर आणि लिफ्टमनच्या खांद्यावर लटकत मागच्या दारानं बाहेर पडला, आणि तिघं बागेतल्या बाकावर जाऊन बसले. बाहेर गार होतं. हॉलमध्ये लोक अजून ताणून झोपले होते.

बरंच ऊन वर आल्यावर आत्या म्हणाली, "आपण का उठलो?"

ढोलकचा पाय बाकावर आडवा ठेवलेला होता आणि प्लास्टरच्या बाहेर आलेली बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती. लिफ्टमन त्या बोटांकडे बघत राहिला आणि स्वतःला मनात जे काही म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"चला परत," तो शेवटी म्हणाला.

"आत्ता?" आत्या म्हणाली. "उजेडात?"

"उजेडात."

पण पाऊल निघेना. दिवसा कुठं शिरायची सवय नव्हती. असं करत करत संध्याकाळ झाली.

हॉलच्या दारात पीटीचे सर बसले होते. शाळेत ते मुलांना कवायत शिकवायचे. पालिकेनं हॉल त्यांच्या ताब्यात दिला होता. गळ्यात शिट्टी, डोळ्याखाली काळं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला सगळं रांगेत लागायचं.

"जागा गेली तुमची," सर म्हणाले. "सकाळी बघितलं तर गाद्या उचललेल्या, पांघरुणांच्या घड्या, जमीन झाडलेली. म्हटलं, शहाणी माणसं, घरी गेली. तिथं आता दुसरं कुटुंब आहे."

"आम्ही घरी नव्हतो गेलो."

"मग आवरून कोण जातं? इथं बघा." सरांनी मागं हात केला. हॉलभर अंथरुणं लोळत होती. चपला, बाटल्या, चार्जर, कुणाचा तरी दातांचा डबा. "जे राहणार आहेत त्यांनी असं ठेवलंय. बरं, तुमची इमारत कुठली?"

"पूल."

"पुलाजवळ कुठली?"

"पुलाजवळ नाही. पूल."

तोवर दोन नंबर कोर्टातल्या काकू पुढं आल्या होत्या. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावर घर, आणि त्या घराच्या जिन्याला असा तडा गेला होता की त्यातून त्यांचा हात आरपार जायचा. हे त्यांनी सकाळपासून सगळ्यांना मोबाईलवर दाखवलं होतं. हॉलमध्ये तेच चाललं होतं. जो तो आपल्या घराची भेग मोबाईलवर काढून दुसऱ्याला दाखवत होता. "ही स्वयंपाकघरातली." "ही काय, आमच्या बेडरूमची बघा." लग्नातले फोटो दाखवावेत तसं.

काकूंनी तिघांना खालपासून वर बघितलं. आता सगळ्यांच्या आंघोळी झाल्या होत्या. धूळ फक्त या तिघांच्या अंगावर राहिली होती.

"सर, हे पुलाखाली झोपतात," काकू म्हणाल्या. "मी रोज बघते दुकानातून. हे काही आपत्तीतले नाहीत. यांना सवय आहे उघड्यावरची. आम्हाला नाहीये."

"सवय आहे हे खरं," लिफ्टमन म्हणाला. "पण काकू, सवय आहे म्हणजे आवड आहे असं नाही. तुम्हाला दुकानात उभं राहायची सवय आहे, म्हणून घरातल्या खुर्च्या काढून घेतल्या का कुणी?"

मागून कुणीतरी हसलं. काकू नाही हसल्या.

"हे बघा," सर म्हणाले, "मला भांडण नकोय. हा हॉल ज्यांच्या घरावर लाल फुली आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी वेगळी सोय असते."

"कुठं असते?"

सरांनी जरा विचार केला. "असते," ते म्हणाले.

"असते," लिफ्टमन म्हणाला. "बरं. हा इथं पायरीवर बसतो. पाय उंच ठेवायचाय त्याचा. आत्या, तू बस याच्यापाशी. आलोच मी."

"कुठं चाललास?" ढोलक म्हणाला.

"घरी."

पुलाखाली आता दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांच्यावर धोक्याच्या पट्ट्या फडफडत होत्या. गाड्या नव्हत्या. पार्किंगवालासुद्धा नव्हता. पालिकेचा रंगारी डबा घेऊन निघायच्या बेतात होता. खांबावर त्यानं भलीमोठी लाल फुली मारली होती. ओल्या रंगाचे ओघळ खाली आले होते.

"दादा," लिफ्टमन म्हणाला, "या फुलीचा अर्थ काय?"

"इथं राहायचं नाही. पडेल."

"आम्ही इथं राहतो."

"मग नका राहू."

"तेच सांगायला चला माझ्याबरोबर हॉलवर. एवढं एकच वाक्य."

"मी फक्त रंग मारतो," रंगारी म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

लिफ्टमन दोरीखालून वाकून आत गेला. खांबाचं प्लास्टर फुगलं होतं, फुलीच्या एका टोकाशी तर हातानं हलत होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. डोक्यावर आणखी काही पडलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. नाही पडलं. कलिंगडाएवढा तुकडा हातात आला. एका बाजूला सिमेंट, एका बाजूला लाल रंग. त्यानं तो खांद्यावर घेतला.

रस्त्यानं लोक बघत होते. एकानं विचारलं, "काय ओ, हे कुठं नेताय?" लिफ्टमन म्हणाला, "घर हलवतोय."

हॉलच्या दारातल्या टेबलावर त्यानं तो तुकडा ठेवला तेव्हा सरांचा चहा हिंदकळला.

"हे काय?"

"भेग," लिफ्टमन म्हणाला. "सगळे दाखवतायत ना आपापली. आमच्याकडे मोबाईल नाही, म्हणून खरीच आणली."

सरांनी तुकड्याला हात लावला. बोटाला लाल रंग लागला. भोवती गर्दी जमली. इतका वेळ मोबाईलवर भेगा बघणारे लोक आता वाकून ही भेग बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, बापरे, पुलाचं काम इतकं तकलादू? दुसरा म्हणाला, वाळूच वाळू आहे, यावरून मी रोज गाडी नेतो. एकदम सगळ्यांना पुलाबद्दल मतं सुचली.

"पूल पडला तर तुम्ही दुसऱ्या रस्त्यानं जाल," लिफ्टमन म्हणाला. "आम्ही त्याच्याखाली झोपतो. लाल फुली आहे, राहायचं नाही असा तुमचाच हुकूम आहे. बाहेर पायरीवर बसलाय त्याच्या पायावर हाच पूल पडलाय. आता मला सांगा, आपत्ती म्हणजे आणखी काय असतं? का पायसुद्धा स्वतःच्या मालकीच्या घरातच मोडायला लागतो?"

सर बराच वेळ बोटावरचा रंग पुसत राहिले.

"काकू," ते शेवटी म्हणाले, "तुमचं सामान जरा पलीकडं घ्या."

"अहो सर..."

"जरा घ्या."

पहिल्या रात्रीची जागा मिळाली नाही, पण त्याच कोर्टात, काकूंच्या कुटुंबाच्या पायथ्याशी मिळाली. गाद्या पसरेपर्यंत भांडण झालं. काकू म्हणाल्या दिवा बंद करा. आत्या म्हणाली मला अंधारात भीती वाटते. काकू म्हणाल्या, पुलाखाली कुठला दिवा होता? आत्या म्हणाली, रस्त्याचा होता की, तुमच्या दुकानाच्या पाटीचाही होता, आणि तो तुम्ही बंद करायच्या नाहीत, लाईट फुकट घालवायच्या. शेवटी दिवा चालू राहिला आणि काकू डोळ्यांवर टॉवेल घेऊन झोपल्या. एव्हाना शेजार झाला होता असं म्हणायला हरकत नाही. परक्याशी कुणी दिव्यावरून भांडत नाही.

झोपायच्या आधी लिफ्टमननं दोघांना जवळ घेऊन बजावलं. "उद्या कुणी उठायचं नाही. जाग आली तरी पडून राहायचं. अंथरूण आवरायचं नाही."

"मला नाही जमणार," आत्या म्हणाली.

"जमवायचं."

पहाटे तिघंही जागे झाले. एकमेकांना कळत होतं. आत्याचे हात पांघरुणाच्या कडेशी चाळवत होते, घडी घालायला शिवशिवत होते. तिनं ते अंगाखाली दाबून धरले. लिफ्टमनच्या पाठीला तर मुंग्या चावत होत्या. पाय म्हणत होते चल, डोकं म्हणत होतं पड. तो पडून राहिला. आयुष्यात इतके कष्ट त्यानं कधी केले नव्हते. उजेड झाला. लोक उठले, दात घासून आले. हे तिघं अंथरुणात. ढोलक मात्र मजेत होता. "हे काम मला आवडलं," तो म्हणाला. "यात ओझं नाही."

नाश्ता झाल्यावर पीटीचे सर आले. लिफ्टमनच्या गादीशी उकिडवे बसले. आवाज खाली.

"ऐका. आज वरचे साहेब येतायत. पाहणीला. कॅमेरेवालेही असतील. तासाभराचा प्रश्न आहे. तुम्ही जरा गाद्या उचलून बागेत बसा. ते गेले की या. मी जागा कुणाला देणार नाही, शब्द देतो. तुम्हाला सवय आहे म्हणून सांगतो, इतर कुणाला सांगितलं तर तो माझ्या अंगावर येईल."

लिफ्टमन उठून बसला. सर खोटं बोलत नव्हते, हे त्याला दिसत होतं. आणि इतकं सोपं होतं ते. याच कामात तर ते तिघं पटाईत होते. एवढ्यात आवरलं असतं की कुणाला वाटलंही नसतं इथं कुणी होतं. आत्या तर निम्मी उठून पांघरुणाची घडीही घालून बसली होती.

"आणि साहेबांनी विचारलं, इथं कोण कोण आहे, तर तुम्ही काय सांगणार?" लिफ्टमननं विचारलं.

सर गळ्यातल्या शिट्टीची दोरी सरळ करायला लागले.

"म्हणजे आम्ही नाही असं सांगणार. मग उद्या गाद्या कमी येतील, जेवण कमी येईल, आणि परवा तुम्हीच म्हणाल, साहेबांना तर तुम्ही नव्हतातच असं सांगितलंय, आता कसं करू. तुम्ही चांगले आहात म्हणून अवघडून म्हणाल. पण म्हणाल."

"माझी नोकरी आहे ओ ही."

"माझीपण होती," लिफ्टमन म्हणाला. "सर, काल सकाळी मी याला उठवलं. मोडक्या पायानं. कुणी सांगितलं नव्हतं, मीच उठवलं. त्याची बोटं बघा. आता मला कुणी सांगून उठवणार असेल तर मी उठणार नाही. तुम्ही शिट्टी वाजवा, पोलीस आणा, उचलून न्या. मी स्वतः होऊन आवरणार नाही."

"आत्या, तुम्ही तरी," सर म्हणाले.

आत्यानं घडी घातलेलं पांघरूण सरांच्या डोळ्यांसमोर झटकून उलगडलं आणि गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "माझं अंग दुखतंय," ती म्हणाली.

साहेब आले. बूट काढून आले, कारण कोर्टावर बूट घालून जायचं नाही असं सरांनी दाराशीच सांगितलं. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, त्यामुळे ते जरा जपून चालत होते. एक नंबर कोर्ट झालं. चौकशी केली, मान हलवली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, फोटो झाला. दोन नंबर कोर्टात काकूंनी जिन्याची भेग दाखवली. साहेबांनी मोबाईल हातात घेऊन बघितली आणि मग त्यांना पलीकडचे तिघं दिसले. भर दिवसा, अंथरुणात, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन.

"हे आजारी आहेत का?"

सर पलीकडची एक गादी रांगेत सरकवायला लागले.

"नाही साहेब," लिफ्टमन पडल्या पडल्या म्हणाला. "आम्ही पुलाखालचे."

"पुलाखालचे म्हणजे?"

"राहणारे."

कॅमेरा इकडं वळला. साहेबांनी सरांकडे बघितलं. सरांनी छताकडे.

"पण तो पूल तर आपण बंद केलाय," साहेब म्हणाले.

"म्हणून तर."

साहेब काकूंकडे वळले, जरा खालच्या पट्टीत. "हे तुमच्याच इमारतीतले का? तुम्ही ओळखता यांना?"

आता काकूंच्या हातात सगळं होतं. काकूंनी आत्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात माया वगैरे अजिबात नव्हती.

"इमारतीतले कसले," काकू म्हणाल्या. "ही बाई तर रात्रभर दिवा चालू ठेवते, झोप नाही लागत मला. पण खोटं कशाला बोलू? दोन नंबर कोर्टातले आहेत. त्या माणसाचा पाय पुलानं मोडलाय. पुलाचा तुकडा बाहेर टेबलावर आहे, बघा हवं तर. आणि बघालच तर ते सिमेंटही बघा, आमच्या पैशाचं आहे."

कॅमेरेवाला लगेच दाराकडे पळाला. साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी ढोलकच्या पायाकडे बघितलं, मग लिफ्टमनकडे.

"किती दिवस राहणार?"

"फुली पुसेपर्यंत. सगळ्यांना तेच सांगितलंय ना?"

"पुलाच्या कामाला वर्ष लागेल."

"मग वर्ष."

साहेबांच्या तोंडावर हसू येत होतं की राग, ते त्यांनाही ठरवता आलं नसावं. "बघू," म्हणाले, आणि तीन नंबर कोर्टाकडे गेले.

दुपारी सरांना फोन आला. सर फोनवर नुसतं हो हो म्हणत होते. मग येऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हॉल उघडा आहे तोवर राहा, असं साहेब म्हणालेत. इतरांसारखंच. हॉल बंद झाला की सगळ्यांनाच जायचंय." मग खालच्या आवाजात, "माझी नोकरी आहे अजून. विचारलं नाहीत म्हणून सांगतो."

"बसा की सर," ढोलक गादीवर सरकत म्हणाला. "दमलात तुम्ही."

सर खरंच बसले.

पुढच्या दिवसांत इमारती एकेक करून पास होत गेल्या. फुली पुसली की ते कुटुंब सामान बांधायचं, सगळ्यांचा निरोप घ्यायचं, निघायचं. काकूही गेल्या. जाताना आत्याला म्हणाल्या, "आता लावा दिवे हवे तेवढे." पुलाचं काम मात्र निविदेत अडकलं होतं, आणि लिफ्टमन रोज सकाळी अंथरुणात पडून पेपर वाचायचा आणि सरकारी दिरंगाईची बातमी दिसली की ढोलकला मोठ्यानं वाचून दाखवायचा. सरकारी काम लांबावं म्हणून मनापासून इच्छा करणारी शहरातली तेवढीच तीन माणसं असतील.

हॉल रिकामा वाटायला लागला तसा ढोलक गप्प गप्प झाला. एका दुपारी, आत्या बाहेर कपडे धुवायला गेली असताना, त्यानं विचारलं.

"पाय तर जुळेल रे. डॉक्टरीणबाई म्हणाली, सरळ जुळतोय. पण हे सगळे जातायत ते घरी जातायत. आपलं काय? एक दिवस आपण तिघंच उरू. मग कुणी भांडायला पण नसेल. हळूच सांगतील, जरा मागच्या दारानं... आणि तू मला उठवशील. तुझा दोष नाही. आपल्याला तेच येतं."

लिफ्टमननं पेपर बाजूला ठेवला. हॉलनंतर कुठं हे त्याला माहीत नव्हतं, सरांना नव्हतं, साहेबांना तर बिलकूल नव्हतं. खोटा धीर द्यायची त्याला सवय नव्हती आणि ढोलकला तो घ्यायची नव्हती.

"कुठं जाऊ ते मला विचारू नकोस," तो म्हणाला. "पण कसं जाऊ ते सांगतो. तुझा पाय पूर्ण जुळल्याशिवाय आपण हलणार नाही, कुणीही येऊ दे. आणि जाऊ तेव्हा पुढच्या दारानं जाऊ. जेवून, दुपारच्या उन्हात, सगळ्या रस्त्याला दिसेल असं. विचारत जाऊ, आता कुठं राहायचं ते सांगा. सांगेपर्यंत त्यांच्या दारात बसू. चोरासारखं तुला यापुढं मी कुठूनही नेणार नाही. शब्द आहे माझा."